नवेगावचे तळे आणि आकाशातला काटा

नागपूरहून हावड्याच्या वाटेने निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर, तिरोडा अशी स्टेशने मागे टाकीत गोंदियाला येते. खिडकीतून दिसतात त्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादे तळे, आणि पुन्हा बांध्याच. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा म्हणूनच ओळखला जातो. जुन्या मालगुजारांच्या तळ्यांना येथे लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. माजी मालगुजारीचे ते संक्षिप्त रूप! या साऱ्यांत देखणे ते अर्जुनी मोरगाव तालुक्यातले नवेगावबांध. डोंगरांच्या कुशीतले हे तळे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले, असे लोक अभिमानाने सांगतात.

या तळ्याकडे आता आकाशातूनही पाहिले जाते. जगातली प्रत्येक वस्तू अंगच्या उष्णतेने सूक्ष्मलहरी सोडीत असते. कोरडी माती त्या भरपूर सोडते, पाणी फार थोड्या. म्हणून उपग्रहावरच्या रेडिओमीटरला कोरडे रान उबदार दिसते आणि तळे विलक्षण थंड. या विद्येचा आपल्याकडे श्रीगणेशा झाला तो ७ जून १९७९ रोजी. त्या दिवशी सोव्हिएत अग्निबाणाने ‘भास्कर-१’ वर गेला. त्यातल्या रेडिओमीटरचे नाव मोठे गोड होते, ‘समीर’!

पण यंत्र खरे बोलते कशावरून? धानाच्या बाजारात काटा जसा ठरीव वजने घालून पारखतात, तसेच येथेही करावे लागते. एक वजन म्हणजे रिते आकाश, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर. दुसरे, यंत्रातच बसवलेली ठाऊक उष्णतेची वस्तू. या दोहोंच्या मध्ये पट्टी आखायची. अमेरिकेचा ‘स्मॅप’ हा उपग्रह ३१ जानेवारी २०१५ रोजी सुटला. तो सकाळी सहाच्या सुमारास माथ्यावरून जातो, आणि वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर मातीतला ओलावा अजमावतो. आपला काटा तो समुद्रावर आणि थंड आकाशावर पारखून घेतो. उघड्या जमिनीवर ओलावा शंभरात एका भागाने बदलला, तर त्याचे माप साधारण दोन-तीन अंशांनी हलते. म्हणजे काटा तेवढाच चुकला, तरी ओलाव्याचा हिशेब बिघडला!

आणि गोंदिया तर या काट्याची कसोटीच. त्याच्या दृष्टीचा एक ठिपका सुमारे चाळीस किलोमीटरांचा. त्यात नवेगावचे तळे, चिखलणी झालेल्या बांध्या आणि नागझिऱ्याकडचे जंगल, सारे एकत्र मिसळते. पावसाने ओढ दिली, शेतकरी रोवणीसाठी खोळंबला, पऱ्हे पिवळे पडू लागले, तरी शेजारच्या तळ्याचे पाणी हिशेबातून नीट वजा केले नाही, तर कोरडी बांधीही कागदावर ओली दिसेल. दुष्काळ मोजणाऱ्याला ही चूक परवडणारी नाही.

म्हणून शेवटची साक्ष मातीचीच. शेतातली ढेप उचलायची, तोलायची, १०५ अंशांच्या भट्टीत दिवसभर वाळवायची आणि पुन्हा तोलायची. जी घट, ते पाणी. आकाशातल्या महागड्या यंत्राला अखेर या साध्या तराजूपुढे हजर व्हावे लागते.

हिवाळ्यात सवड काढून नवेगावला जरूर जावे. पक्षी पाहावेत, बांधावरून सावकाश चालावे. आणि वाटेत कापलेल्या बांधीतली मूठभर माती हातात घेऊन चुरून पाहावी. तिच्यात ओल किती, हे धान पिकवणाऱ्याच्या बोटांना उपग्रहाच्या कितीतरी आधीपासून कळत आले आहे.