साखळीचा हिशेब

कबड्डीत कोणत्या संघाचा बचाव सगळ्यांत भक्कम, या वादाला आपल्याकडे तयार उत्तर असतं: ज्याचे पकडीचे गुण जास्त, त्याचा. प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणात हाच आकडा झळकतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हाच छापून येतो, आणि नांदेड-लातूरकडच्या जिल्हा निवड चाचणीतही निवड समितीच्या वहीत बहुधा हाच उतरतो. माझं म्हणणं असं, की या आकड्यातून बचावाची प्रत कळत नाही. पकड कोणाच्या हातात संपली, एवढंच त्यातून कळतं. उलट काही प्रसंगी बचाव जितका खिळखिळा, तितका हा आकडा फुगतो. बचावफळीची तुलना करायची तर तिने मिळवलेल्या गुणांपेक्षा तिने समोरच्याला काय करू दिलं नाही, हे बघावं लागतं. आणि तेही मैदानात तेव्हा किती जण उभे होते याचा हिशेब धरून.

आधी मैदानाची मापं बघू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही कडांच्या एकेक मीटरच्या लॉब्या झटापट सुरू होईपर्यंत बंद असतात, म्हणजे राखायची रुंदी ८ मीटर. सात जण उभे असताना एकेकाच्या वाट्याला सव्वा मीटरहूनही कमी जागा येते. तिघेच उरले की प्रत्येकाला अडीच मीटरहून जास्त राखावी लागते. सातांत दोन कॉर्नर, त्यांचे हात धरून दोन इन, पुढे दोन कव्हर आणि मध्ये सेंटर. आता डाव्या कॉर्नरने घोटा धरला, इनने चढाईपटूची वळायची वाट अडवली आणि कव्हरने मधून येऊन ब्लॉक लावला असं समजा. चढाईपटू बाद, गुण एक, आणि वैयक्तिक नोंदीत तो ज्याने आधी धरलं त्याच्या नावावर. हीच पकड सुटली तर? चढाईपटू मध्यरेषा गाठेपर्यंत ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सगळे बाद. यशाचा धनी एक आणि अपयशाचे वाटेकरी तीन, असा हा व्यवहार आहे. मदतीला धावणारा कव्हर जमेच्या बाजूला दिसतच नाही, खर्चाच्या बाजूला मात्र दर वेळी सापडतो. अशा नोंदीवरून पाहिलं तर संघातला सर्वांत कर्तव्यदक्ष कव्हर सर्वांत कच्चा ठरू शकतो, आणि मदतीला न जाता कडेला उभा राहणारा हुशार!

दुसरी गडबड अव्वल पकडीची. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी बचावपटू असताना चढाईपटू पकडला तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. प्रेक्षकांसाठी हा नियम उत्तम आहे. सगळे गडी बाद होऊन लोण बसण्याच्या तोंडावर आलेला संघ एका झेपेत सामन्यात परततो. पण मोजणाऱ्यासाठी हा सापळा आहे. एका संघाने सहा-सात जण उभे असताना आठ पकडी केल्या, त्याचे आठ गुण. दुसरा संघ पाच वेळा तिघांवर आला आणि पाचही वेळा त्याने चढाईपटू पकडला, त्याचे दहा. पडद्यावर दुसऱ्याचा बचाव सरस दिसतो. पण तो पाच वेळा तिघांवर आलाच कसा? बहुतेक वेळा त्याचे गडी बाद होत राहिले म्हणूनच. त्या पाच पकडी धाडसाच्या होत्या हे कबूल, पण धाडस करण्याची वेळ येणं हे चांगल्या बचावाचं लक्षण मानता येत नाही. म्हणून सात जणांची पकड आणि तिघांची पकड एका रकान्यात मिळवणं मला मुळातच चूक वाटतं. सहा किंवा सात जण असताना बोनस रेषा खुली असते, त्याहून कमी असताना बंद. म्हणजे चढाईपटूची उद्दिष्टंही दोन्ही वेळा वेगळी असतात.

सगळ्यांत अन्याय होतो तो रिकाम्या चढाईवर. चढाईपटू आला, तीस सेकंद घुटमळला, निदान रेषा ओलांडून काहीच न मिळवता परत गेला. समालोचक यावेळी जाहिरातीकडे वळतो. बचावाच्या दृष्टीने मात्र हे यश आहे, कारण कॉर्नर उतावीळ झाला नाही, कव्हर पुढे झेपावला नाही, साखळी तुटली नाही आणि चढाईपटूला फट सापडली नाही. शिवाय लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर तो बाद. या डू-ऑर-डाय चढाईत त्याला मनाविरुद्ध आत शिरावं लागतं. ही सक्ती त्याच्यावर आणली ती आधीच्या दोन चढायांत संयमाने उभ्या राहिलेल्या सातांनी, आणि नोंदवहीत त्यांच्या नावावर शून्य.

इथे रास्त शंका निघते. प्रत्येक रिकामी चढाई बचावाची कमाई कशी? आघाडीवर असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत वेळ काढायला मुद्दाम रिकाम्या चढाया करतो. त्यासाठी चाळणी लावावी लागते. चढाई करणारा संघ पिछाडीवर किंवा बरोबरीत असेल तेव्हाच्याच चढाया धरायच्या आणि तिसऱ्या चढाईचा रकाना वेगळा ठेवायचा. दुसरी चाळणी स्वतःच्या चढाईपटूंची. आपल्या चढाईपटूने एक गडी टिपला की आपला एक बाद गडी परत येतो. पाचव्या हंगामात, २०१७ साली, पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले. असा चढाईपटू असला की बाहेर बसलेले बचावपटू भराभर आत येतात आणि फळी भरलेली राहते. पाटण्याने तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन हंगाम जिंकले. त्यात बचाव किती आणि बचावाला मिळालेला आसरा किती, हे विजेतेपदाच्या यादीवरून सांगता येत नाही. म्हणूनच तुलना एकूण गुणांची न करता समोरच्याच्या दर चढाईमागे किती गुण दिले याची करावी, आणि सात, सहा, पाच-चार आणि तीन किंवा कमी असे चार गट पाडून करावी.

हा पेच एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि बाहेरच्या बाजूला टॅकल. चेंडू त्यांच्याकडे जवळजवळ कधीच येत नाही, गुण त्यांच्या नावावर चढत नाहीत. त्यांचं काम चाल करून येणाऱ्यांना थोपवून धरण्याचं. क्वार्टरबॅक किती वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडला गेला, यावरून तिथे बरीच वर्षं या फळीची प्रत ठरवली जाई. पण चेंडू हातात धरून रेंगाळणारा क्वार्टरबॅक उत्तम फळीमागेही पडतो आणि चटकन फेकणारा सामान्य फळीमागेही वाचतो. मग अभ्यासकांनी प्रश्नच बदलला. ईएसपीएनच्या एका मोजमापात फळीतल्या गड्याने प्रतिस्पर्ध्याला अडीच सेकंद रोखलं का, एवढंच पाहतात. पुढे क्वार्टरबॅकने काय दिवे लावले ते पाहत नाहीत. धावेच्या चालींसाठीच्या दुसऱ्या मोजमापात पहिल्या चार यार्डांचं पूर्ण श्रेय फळीला, पाच ते दहा यार्डांचं निम्मं, आणि त्यापुढची धाव सर्वस्वी धावणाऱ्याची धरतात. हे वाटप काटेकोर आहे असा दावा मी करणार नाही. पण श्रेय वाटावं लागतं, हे त्यात मान्य केलेलं आहे. आपण अजून पूर्ण गुण घोटा धरणाऱ्याला देऊन मोकळे होतो.

फळीचं गणित बेरजेचं नसतं, हा याहून मोठा मुद्दा. एका पकडीसाठी चौघांनी आपापलं काम चोख करायला हवं असं समजू. पहिल्या संघात चौघेही शंभरात ८५ वेळा आपलं काम करतात. दुसऱ्यात तिघे ९९ वेळा आणि चौथा ५० वेळा. सरासरी काढली तर दुसरा संघ पुढे: ८६.७५ विरुद्ध ८५. पण चारही कामं एकाच वेळी जमण्याची शक्यता गुणाकाराने काढावी लागते, आणि तो केला तर पहिल्याची शंभरात ५२ येते, दुसऱ्याची साधारण ४८. तीन जवळजवळ निर्दोष बचावपटू असूनही दुसरा मागे, कारण चढाईपटूला एकच फट पुरते आणि कसलेला चढाईपटू ती पहिल्या पाच मिनिटांत हुडकतो. प्रत्यक्षात चौघांच्या चुका एकमेकांपासून इतक्या अलग नसतात हे खरं. चांगला कॉर्नर शेजारच्याची चूक काही अंशी झाकतो. त्यामुळे हा गुणाकार तंतोतंत लागू होणार नाही. पण फळी जोखताना सरासरीच्या आधी सर्वांत दुबळी जागा पाहायची, हे त्यातून पुरेसं स्पष्ट होतं.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप एका नावाने घेतला जातो: इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. आठव्या हंगामात तो पाटण्याकडून खेळला, ८९ पकड-गुण मिळवले आणि पाटणा अंतिम फेरीत दिल्लीकडून अवघ्या एका गुणाने हरला. दहाव्यात पुणेरी पलटणकडून ९९ गुण, आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्याचं पहिलं विजेतेपद. अकराव्यात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता. एक कॉर्नर संघ बदलतो आणि चषक त्याच्यामागे जातो, मग फळीचं कौतुक कशाला? प्रश्न वजनदार आहे, पण तपशील पाहिला की त्याचं वजन कमी होतं. पुण्यात उजव्या कॉर्नरला गौरव खत्री होता, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. हरियाणाकडे शादलुई गेला तेव्हा जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल तिथे आधीच जम बसवून होते. दहाव्या हंगामाच्या अंतिम फेरीत पुण्यासमोर उभा होता तो हाच बचाव. म्हणजे दोन्ही ठिकाणी तो तयार फळीत दाखल झाला. बाराव्या हंगामात गुजरातने त्याला मोठी रक्कम मोजून घेतलं आणि संघ पहिल्या आठांतही आला नाही. त्याच हंगामात पुणे त्याच्याविना अंतिम फेरीपर्यंत गेलं. माझ्या बाजूला न झुकणारा पुरावाही आहे: शादलुई गेल्यानंतरच्या लगेचच्या हंगामात पुणे घसरलं होतं. पण त्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी होऊन बाहेर बसला. चढाईची बाजू लंगडी झाल्यावर फळी भरायची कोणी? शादलुई असामान्य बचावपटू आहे याबद्दल माझं दुमत नाही. असामान्य कॉर्नर चांगल्या फळीला अजिंक्य करतो, विस्कळीत फळीला सावरत नाही, इतकंच मी म्हणतो.

दुसरा आक्षेप जुन्या प्रशिक्षकांचा: आम्हाला आकडे नकोत, आमची नजर पुरे. नजरेची किंमत मी कमी लेखत नाही, पण ती घडते कशी हेही पाहायला हवं. आपला हा भाग कुस्तीचा. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तम-ए-हिंद. त्यांच्या नावावर इथल्या पिढ्या वाढल्या. आखाड्यात दोघेच असतात. पकड कोणाची, डाव कोणाचा, चीतपट कोणी केलं, यात वादाला जागा नसते. हीच नजर घेऊन आपण कबड्डीच्या मैदानाशी बसतो आणि साहजिकच घोटा धरणाऱ्या हाताकडे पाहतो. त्या क्षणी पलीकडचा कव्हर कुठे होता, हे प्रेक्षकाला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर निवड समितीलाही आठवत नाही.

याचा परिणाम जिल्हा संघ निवडताना दिसतो. राज्य स्पर्धेसाठी बारा जण निवडायचे असतात आणि ते वेगवेगळ्या मंडळांतून घेतले जातात. लोह्याचा कॉर्नर, कंधारचा इन, मुखेडचा कव्हर. लातूरकडे उदगीर, अहमदपूर, निलंगा असंच. प्रत्येकाने आपापल्या मंडळात छाप पाडलेली असते, पण हातात हात घालून ते कधी उभे राहिलेले नसतात. मग मुंबई उपनगर किंवा पुण्यासारख्या मुरलेल्या संघाविरुद्ध पहिल्या दहा मिनिटांत साखळी तुटते आणि दोष मुलांच्या ताकदीला किंवा मॅटची सवय नसण्याला दिला जातो. मॅटचा मुद्दा खोटा नाही, पण मातीवरसुद्धा अनोळखी कॉर्नर आणि इन एकत्र झेपावत नाहीत. दुसऱ्या हंगामात विजेत्या ठरलेल्या यू मुंबाच्या बचावात सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कॉर्नर, मध्ये जीवा कुमार आणि विशाल माने होते. नाडा आणि मोहित पुढे हरियाणाकडूनही एकत्र खेळले. पैसे मोजून संघ बांधणाऱ्यांनाही जोडीची किंमत कळत होती. जिल्ह्याच्या संघातही कॉर्नर आणि इन ही जोडी शक्यतो एकाच मंडळाची घ्यावी, त्यात एखादा अधिक गुणवान एकांडा कॉर्नर राखीव राहिला तरी चालेल, असं माझं मत आहे. त्या मुलावर अन्याय होतो, हे मान्य. पण सध्याच्या पद्धतीत अन्याय कव्हरवर होतो आणि तो कोणाला दिसतही नाही.

एक अडचण उरते, आणि ती आकड्यांच्या बाजूची आहे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तीस सेकंदांच्या हिशेबाने एका संघाच्या वाट्याला समोरच्याच्या सुमारे चाळीस चढाया येतात. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामात साखळी फेरीचे २२ सामने खेळून त्या नऊशेच्या घरात जात होत्या; त्यांचे चार गट पाडूनही काही बोलता येतं. जिल्हा स्पर्धेत तीन-चार सामने होतात, म्हणजे चढाया दीडशेच्या आसपास, आणि तिघे उरलेले असतानाच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढ्यावर संघांचा क्रम लावणं धाडसाचं ठरेल, आणि मी तो लावणार नाही. पण कोणत्या बाजूने जास्त गुण जातात, कव्हर मदतीला पोहोचतो की नाही, कॉर्नर घाईने झेपावतो का, एवढं कळायला दीडशे चढाया पुष्कळ झाल्या. त्यासाठी गुणपत्रकाशेजारी वेगळा कागद आणि दर चढाईला चार नोंदी लागतील: मैदानात किती जण, चढाई कोणत्या बाजूने, निकाल काय, आणि पकडीच्या वेळी दुसरा गडी कोण पोहोचला. संगणकाची गरज नाही, कडेला आणखी एक जण बसवावा लागेल. त्याने चढाईपटूकडे न बघता कव्हरच्या पायांकडे बघायचं, हे मात्र त्याला सामन्याआधी बजावून सांगावं लागेल.