टॉवेल कुणी टाकायचा?

इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्प्रचार लिहिला : ‘थ्रो इन द टॉवेल’. अर्थ सांगितला, हार मानणे. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले, “हिरण्यकेशीत पोहून आल्यावर टाकतो तोच ना?” वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पहिल्या वर्षी इंग्रजीतच माझी दांडी उडाली होती आणि कॉलेज सोडायचे मी मनोमन ठरवले होते.

सर म्हणाले, हा शब्द मुष्टियुद्धातला. 19 व्या शतकात टॉवेलऐवजी स्पंज फेकत. पुढे स्पंज गेला, टॉवेल आला. आता मुष्टियुद्ध कधी न पाहिलेला इंग्रजही नोकरी सोडताना टॉवेल टाकतो. आपण तरी निराळे काय करतो? गडहिंग्लजच्या बाजारात पडलेला उमेदवार ‘चितपट’ होतो, भाऊबंद एकमेकांना ‘धोबीपछाड’ घालतात. तांबड्या मातीत पाऊल न ठेवता बोलण्यात आपण सगळेच पैलवान!

शनिवारी गावी गेलो. आज्जा उमेदीत तालमीत घुमलेला. त्याला म्हणालो, “आज्जा, मी चितपट झालो. आता शेतीच बघतो.”

“दोनी खांदं टेकलं का रं मातीला?”

“एकच विषय गेलाय.”

“मग एकच खांदा टेकलाय. एका खांद्यावर पंच निकाल देत न्हाई.”

मी त्याला टॉवेलाची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, “त्यो टावेल टाकतो कोन? पैलवान का वस्ताद?”

मला सांगता येईना. सोमवारी सरांना गाठले. ते म्हणाले, “कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस. लढणारा नव्हे.”

मी चकित झालो. रोजच्या बोलण्यात शब्द आला आणि कोपऱ्यातला माणूसच गळाला! जो तो आपला टॉवेल आपणच टाकू लागला. मला खाशाबा जाधव आठवले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला हा मल्ल 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. तिथेच थांबला असता, तर 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक कोणी आणले असते?

पुढच्या शनिवारी आज्जाला उत्तर सांगितले. तो गोठ्यात धार काढत होता. खांद्यावर नेहमीचा मळका टॉवेल. तो चाचपून म्हणाला, “मग ह्यो माजा टावेल हितंच ऱ्हाऊ दे. तू जा, पुस्तक काड.”

त्याच रात्री परीक्षेचा फॉर्म भरला.