देवयानी, मामी आणि १२१ फोटो

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आकाशातली सगळी मंडळी ग्रीक होती. अँड्रोमेडा, कॅसिओपिया, सेफियस, पर्सियस. जिऑग्रफीच्या टीचर फळ्यावर खडूचे ठिपके काढायच्या आणि आम्ही स्पेलिंगं पाठ करायचो. त्यामुळे गेल्या वर्षी जुन्नर तालुक्यात मामाच्या मळ्यात, बाजेवर पडल्या पडल्या मामा जेव्हा म्हणाला, "ती वर शर्मिष्ठा, आणि तिच्या बाजूला देवयानी," तेव्हा मला वाटलं, गावातल्याच कुणाची तरी भानगड सांगतोय!

मामा बारावीपर्यंत शिकलेला, पण गावच्या वाचनालयाचा जुना मेंबर. त्याच्याकडून कळलं की अँड्रोमेडा म्हणजेच देवयानी, पर्सियस म्हणजे ययाती, कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा आणि सेफियस म्हणजे तिचे वडील वृषपर्वा. गंमत बघा, ग्रीकांकडे कॅसिओपिया ही अँड्रोमेडाची आई. आपल्याकडे येईपर्यंत आईची सवत झाली! (खांडेकरांची 'ययाति' मी अजून वाचलेली नाही. माझं मराठी वाचन बैलगाडीच्या वेगाने चालतं. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारले असतील अशी आशा आहे.)

अंधाराला डोळे सरावले की देवयानीत एक डाग दिसतो. ओल्या फडक्याने काच पुसल्यावर राहतो ना, तसा. अब्द अल-रहमान अल-सूफी या पर्शियन खगोलज्ञाने इ. स. ९६४ च्या सुमारास त्याची 'छोटा ढग' म्हणून नोंद करून ठेवली आहे. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आख्खी दीर्घिका, एम ३१. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. म्हणजे आज डोळ्यात शिरणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा आपली होमो सेपियन ही जात पृथ्वीवर नव्हतीच. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी याहून लांबची वस्तू नाही.

त्या रात्री ठरवलं, हिचा फोटो काढायचा. हॉस्टेलवर आल्यावर रूमीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, गूगलवर टाक ना, हजार फोटो येतील! तेही हबलने काढलेले." हा प्रश्न मला नंतर प्रत्येकाने विचारला. वर्कशॉपमधल्या काकांनीसुद्धा, पण त्यांनी निदान हातात करवत देऊन मग विचारला.

आधी एक गैरसमज काढून टाकते. असल्या फोटोला भलीमोठी दुर्बीण लागते असं सगळ्यांना वाटतं. एम ३१ आकाशात लहान नाहीच. तिची लांबी तीन अंशांहून जास्त आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर जेवढे होतील तेवढी. मोठं करून बघायची गरज नाही, ती फक्त फार मंद आहे. प्रकाश गोळा करत बसावं लागतं. फोटोग्राफी क्लबचा जुना डीएसएलआर आणि त्याची झूम लेन्स १३५ मिलिमीटरवर ठेवून काम भागतं.

अडचण पृथ्वीची आहे. ती फिरते! १३५ च्या लेन्सला दोन-तीन सेकंदांतच ताऱ्यांच्या रेषा होऊ लागतात. त्यावर उपाय म्हणजे 'बार्न डोअर'. दोन फळ्या, मध्ये बिजागरी आणि एक बोल्ट. बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि बोल्ट फिरवत फिरवत वरची फळी हळूहळू उघडायची. पृथ्वी जेवढी पूर्वेकडे फिरेल तेवढा कॅमेरा उलटा फिरतो. इथे फर्स्ट इयरचं गणित चक्क कामाला आलं. पृथ्वीची ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते, म्हणजे १४३६ मिनिटं. एम ६ बोल्टचा पिच १ मिलिमीटर. मिनिटाला एक फेरी द्यायची असेल तर बिजागरीपासून बोल्टचं अंतर १४३६ भागिले दोन पाय, म्हणजे २२८.५ मिलिमीटर. झालं! मोटर नाही, कंट्रोलर नाही. घड्याळाचा सेकंद काटा बघत हाताने बोल्ट फिरवायचा. फिटिंगच्या जॉबमध्ये काटकोन न जमलेल्या मुलीने हे बनवलंय म्हटल्यावर काकांनी ते दोन वेळा उलटसुलट करून बघितलं आणि "चालेल" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे डिस्टिंक्शन.

आता रूमीच्या प्रश्नाकडे येते. आयझॅक रॉबर्ट्स नावाचा एक वेल्श माणूस होता. धंदा बांधकामाचा, इंजिनिअर. आकाश हा त्याचा छंद. १८८८ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ स्वतःच्या २० इंची दुर्बिणीतून त्याने याच डागाचा खूप वेळ उघडा ठेवून फोटो घेतला, आणि जो आतापर्यंत नुसता ढग होता त्यात चक्राकार पट्टे उमटले. त्याला वाटलं, ही जन्माला येणारी नवी सूर्यमाला असणार. ती सूर्यमाला नसून आख्खी दीर्घिका आहे हे कळायला १९२३ साल उजाडलं. एडविन हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या काचेवर त्या डागात एक कमी-जास्त होणारा तारा सापडला आणि त्यावरून अंतर काढता आलं.

मग संपलं का सगळं? नाही. २०२२ साली यान सेंटी, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या तिघा हौशी फोटोग्राफर्सना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक भलीमोठी कमान सापडली. दुर्बीण फक्त चार इंची, पण फोटोंची बेरीज शंभर तासांच्या वर! इतक्या लोकांनी इतकी वर्षं जिचे फोटो काढले तिच्या शेजारी हे होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं. कारण तेवढा वेळ एकाच जागी, तशा फिल्टरने कुणी बघतच बसलं नव्हतं. माझ्या फोटोने काही शोध लागणार नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. पण "गूगलवर आहे" हे उत्तर मला तेव्हापासून पटत नाही.

हॉस्टेलवरून हे होणं शक्य नाही. एक तर शहराचं आकाश रात्रीही दुधाळ नारिंगी. दुसरं म्हणजे गच्चीला कुलूप आणि गर्ल्स हॉस्टेलचा इन-टाइम. देवयानीला अजून कुणी इन-टाइम कळवलेला नाही. दिवाळीची अमावस्या फटाक्यांच्या धुरात गेली. म्हणून कार्तिक अमावस्येला, सबमिशनच्या ऐन तोंडावर, रेक्टर मॅडमची सही घेऊन मी फळ्या, कॅमेरा आणि रूमीची कानटोपी बॅगेत भरून मामाकडे गेले.

मळ्यातलं घर गावापासून लांब आहे, त्यामुळे अंधार चांगला. गावात देवळापुढे मात्र नवा हायमास्ट बसलाय आणि त्या दिशेचं आकाश पांढरं झालंय. मी थोडी चिडूनच म्हटलं, "कशाला हवा होता एवढा मोठा दिवा?" मामा शांतपणे म्हणाला, "ग्रामसभेत मीच मागितला."

जुन्नर म्हणजे उसाचा आणि बिबट्यांचा तालुका. (गावात बिबट्याला वाघच म्हणतात.) उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, हे आता तिथल्या लहान पोरांनाही माहीत आहे. संध्याकाळनंतर मुलं अंगणातून आत घेतात, कुत्री ओट्यावर बांधतात. शिवाय शेतीची थ्री फेज लाईट काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री. त्या आठवड्यात रात्रीची होती. म्हणजे रात्री दहानंतर मामाला कांद्याला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं होतं, आणि कांद्याच्या पलीकडे चुलत्यांचा ऊस.

मला अर्थातच शेतात जायची परवानगी नव्हती. घराच्या स्लॅबवर चढले. नऊच्या सुमारास देवयानी डोक्यावर, जराशी उत्तरेला. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो (जेवढे अक्षांश तेवढी त्याची उंची), तो नारळाच्या झावळ्यांच्या बाजूने कसाबसा सापडला. बिजागरी त्याच्यावर लावली. हिशेब असा होता: ३० सेकंदांचा एक, असे २०० फोटो. एकावर एक रचले की दीर्घिकेचा प्रकाश २०० पट होतो, पण नॉइज फक्त २०० च्या वर्गमूळाइतका वाढतो. म्हणजे चित्र १४ पट स्वच्छ. सिग्नल्सच्या पेपरला मी हे लिहून आले होते, खरं वाटलं ते त्या रात्री.

स्लॅबवर उजेड यायला नको म्हणून मामीने ओट्यावरचा बल्ब बंद केला होता. मी सांगितलं नव्हतं, तिनेच विचारलं होतं, "तुला काळोख पाहिजे ना?" दहा वाजता लाईट आली, मोटार सुरू झाली आणि मामा बॅटरी, काठी घेऊन निघाला. खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने भजन लावलेलं. वाघाला माणसाची चाहूल लागावी म्हणून गाणी लावूनच जातात सगळे. मामी वर माझ्याजवळ येऊन बसली.

मी सेकंद काट्याकडे बघत बोल्ट फिरवत होते. वीस मिनिटांनी बोल्ट मागे घ्यायचा, पुन्हा नेम धरायचा, पुन्हा सुरू. मामीने एकदाही वर बघितलं नाही. ती मामाच्या बॅटरीकडे बघत होती. बॅटरी एका वाफ्यावर थांबायची, विझायची, थोड्या वेळाने पुढच्या वाफ्यावर पेटायची. मधल्या वेळात मामी बोलायची थांबायची. बॅटरी पेटली की राहिलेलं वाक्य पुरं करायची. घराचा दिवा दिसला की मामाला लांबूनही ओटा कुठे आहे ते कळतं, आणि दिव्यापाशी जनावर सहसा येत नाही अशी तिची समजूत, हे तिने मला बोलता बोलता सांगितलं. तक्रार म्हणून नाही. मामाला भाजी कमी तिखट लागते, हे सांगावं तसं.

१२१ वा फोटो पुरा झाला तेव्हा भजन ऐकू येईनासं झालं होतं. वारा फिरला असेल, किंवा मामा ऊसाच्या बांधाकडे वळला असेल. मी म्हटलं, "मामी, दिवा लाव."

"झालं का गं तुझं?"

"झालं."

बल्ब लागला. स्लॅबच्या कडेपर्यंत पिवळा उजेड आला, वरचा डाग दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने वाफ्यातून मामाने बॅटरी दोनदा उघडझाप करून उत्तर दिलं. मग मामी खाली चहा ठेवायला गेली. मी लेन्सला झाकण लावून 'डार्क' फोटो काढत बसले. त्यात नुसता कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज येतो आणि तो नंतर वजा करतात. त्याला बल्बची अडचण नसते.

१२१ चं वर्गमूळ ११. हॉस्टेलवर आल्यावर डीपस्कायस्टॅकर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोटो रचले. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. सुटा फोटो बघितला तर दाणेदार करड्या रंगात एक पुसट अंडं. बेरीज झाल्यावर पिवळसर मध्य, त्याच्या एका बाजूने धुळीचा काळा पट्टा, आणि एम ३२ व एम ११० या दोन छोट्या सोबतिणी. रूमी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर गूगलपेक्षा खराब आहे. मला वॉलपेपरला दे." (अंकात तो कृष्णधवल छापला गेला तर धुळीचा पट्टा शाईत बुडणार. ज्यांना बघायचाय त्यांनी रूमवर यावं.)

हौशी आकाशनिरीक्षकांच्या तोंडी 'लाइट पोल्युशन' हा शब्द शिवी दिल्यासारखा येतो. माझ्याही यायचा. आता मी तो जपून वापरते. दिवा मागणाऱ्याला त्याची गरज आपल्यापेक्षा चांगली माहीत असते. पण त्या हायमास्टचा बराच उजेड आकाशात जातो, तो ना मामाच्या कामाचा ना माझ्या. जानेवारी २०२४ मध्ये विदर्भातलं पेंच हे भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' जाहीर झालं. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली.

हायमास्टपर्यंत माझा हात पोचत नाही. पण वर्कशॉपच्या शीट मेटल सेक्शनमध्ये उरलेल्या पत्र्याची एक टोपी बनवली, आतून पांढरा रंग दिला आणि एसटीने आलेल्या मामेभावाबरोबर पाठवून दिली. ओट्यावरच्या बल्बला ती बसली. परवा मामीचा फोन आला होता. अंगणात उजेड आधीपेक्षा लांबवर पडतो म्हणाली, आणि गोठ्यावरच्या बल्बलापण तसलीच एक पाहिजे, जरा मोठी. काकांनी माप मागितलंय.