पंप बंद पडला तर?

परीक्षा ही मुलांनी द्यायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. मीही जन्मभर मुलांच्याच परीक्षा घेतल्या. त्यामुळे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सत्तरीकडे झुकलेले शेतकरी दर चार वर्षांनी प्रशिक्षणाला बसतात आणि लेखी परीक्षा देतात, हे जावयांकडून कळलं तेव्हा मला मोठं नवल वाटलं. मुलगी-जावई तिथे लिंकन गावी असतात. जावयांच्या ओळखीच्या एका मकेवाल्या शेतकऱ्याची ही परीक्षा जवळ आली होती. मग काय, मास्तरकीची खोड! परीक्षेत विचारतात तरी काय, म्हणून खोदून खोदून विचारलं.

ही परीक्षा आहे पाण्यातून खतं आणि औषधं देण्याच्या परवान्याची. तिकडे याला केमिगेशन म्हणतात. तिथली बरीच शेती 'सेंटर पिव्हट'वर भिजते. म्हणजे शेताच्या मध्यभागी एक खुंटा आणि त्याभोवती चाकांवर फिरणारा सुमारे चारशे मीटर लांबीचा पाइप. एका फेरीत साधारण 130 एकर भिजतं. त्याच पाण्यात पातळ नत्र खत सोडलं की मक्याला हवं तेव्हा, हवं तेवढंच देता येतं. एकदम ओतलेलं खत पावसाबरोबर जमिनीत खोल उतरून वाया जातं, ते टळतं. पद्धत चांगलीच आहे.

मग परीक्षा कशाला? तर पाणी विहिरीतून उपसलं जातं आणि खताची टाकी त्याच पाइपाला जोडलेली असते. पंप चालू आहे तोवर सगळं पुढे जातं. पण पंप अचानक बंद पडला तर? पाइपातलं पाणी उताराने मागे येतं, आपल्याबरोबर खत ओढतं आणि थेट विहिरीत उतरतं. किंवा पाणी थांबलेलं आणि खताचा छोटा पंप मात्र सुरूच, असंही होतं. नेब्रास्काने यासाठी 1986 साली कायदा केला. मुख्य पाइपात पाणी मागे येऊ न देणारी झडप हवी, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह हवा, झडप गळलीच तर ते पाणी विहिरीपासून दूर नेणारी मोरी हवी, आत डोकावून बघायला झाकण हवं. खताच्या नळीलाही झडप हवी, आणि पाण्याचा पंप थांबला की खताचा पंप आपोआप थांबला पाहिजे.

गंमत म्हणजे तिथे कागद दोन लागतात. एक माणसाचा, परीक्षा पास झाल्याचा. दुसरा त्या जागेचा. तो देतं स्थानिक नैसर्गिक साधनसंपत्ती मंडळ. अशी 23 मंडळं राज्यात आहेत. त्यांच्या हद्दी नदीखोऱ्यांनुसार आखलेल्या आणि सभासद लोकांनी निवडलेले. म्हणजे तपासायला येणारं मंडळ शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच निवडलेलं, आणि पाणीही त्यांचंच.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. पीक कसं काढायचं हे त्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. परीक्षा त्याच्या शेतीची नाहीच, ती शेजारच्या घरातल्या पाण्याच्या पेल्याची आहे. विहीर आपली असते, पण भूजल आपलं एकट्याचं नसतं. नायट्रेट पाण्यात मिसळलं तर रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही, उलट अधिक दाट होतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते आणि बाळ निळं पडतं. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटचा आणि या आजाराचा संबंध 1945 साली शेजारच्या आयोवा राज्यातल्या एका डॉक्टरांनी दाखवला होता.

आता आपल्याकडे बघू या. ठिबक गावोगावी पोचलं, त्यातून विद्राव्य खतं देणंही नित्याचं झालं. पण आपला 1968 चा कीटकनाशक कायदा परवाना मागतो तो कीटकनाशक बनवणाऱ्याकडे, विकणाऱ्याकडे आणि फवारणीचा धंदा करणाऱ्याकडे. स्वतःच्या रानात औषध वापरणाऱ्याला परीक्षा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे ज्ञान किती महाग पडतं ते सर्वांनी पाहिलं.

म्हणून आपल्याकडेही परवाना आणा, असं मी पटकन म्हणणार नाही. आणखी एक कागद म्हणजे आणखी एक टेबल, हे शेतकऱ्याला न सांगता कळतं. परंतु परवाना नसला तरी प्रश्न राहतोच, आणि आपल्याकडे तर तो जास्तच लागू आहे. तिकडे पंप कधीतरी बंद पडतो, आपल्याकडे वीज सांगूनही जाते आणि न सांगताही जाते. रात्रपाळीच्या विजेवर पंप ऑटोवर टाकून माणूस घरी झोपलेला असतो.

तेव्हा एवढं तरी पाहावं. ठिबकच्या हेडवरचा एनआरव्ही खरोखर पाणी अडवतो का? खताचा पंप वेगळा असेल तर तो पाण्याच्या पंपाबरोबरच बंद होतो का? खताचं पिंप विहिरीच्या काठावर तर नाही ना? सक्शन पाइपाला नळी जोडून खत ओढत असाल, तर फूटव्हॉल्व्ह गळला की ते कुठे जाईल? ही चार प्रश्नांची परीक्षा. पर्यवेक्षक नाही, गुण नाहीत. पेपर मात्र त्याच विहिरीचं पाणी पिणाऱ्यांच्या हातात जातो.