पाटी पडेपर्यंत

मी बँकेतला कारकून. त्यामुळे सुरुवातीचं मला फारसं कौतुक नाही. बँक सकाळी कोणीही उघडतो. खरं सांगायचं तर शिपाईच उघडतो. प्रश्न असतो तो संध्याकाळी ती बंद करण्याचा. रोकड मोजायची, व्हाउचरं जुळवायची आणि फरक आला की अख्ख्या शाखेने तो शोधत बसायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच सहा रुपयांचा फरक रात्री पावणेनऊपर्यंत सापडेना. शेवटी तो माझ्याच अक्षरात सापडला. माझा इंग्रजी सात हा एकासारखा दिसतो, हे त्या दिवशी मला अकरा माणसांनी समजावून सांगितलं. तेव्हापासून शेवट नीट झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पण हा दोष सगळा बँकेचा नाही. तो आमच्या घराण्यात आहे, आणि त्याचं मूळ एका शटरच्या टीव्हीत आहे.

जुन्या पनवेलात आम्ही वाड्यात राहायचो. १९८५ च्या सुमारास अण्णांनी हप्त्यांवर टीव्ही घेतला. कृष्णधवल, चार पायांवर उभा आणि पुढे लाकडी शटर. कौलांवरचा अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून बसवलेला. त्यावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मग मला कौलांवर पाठवलं जायचं. कावळा उडवण्यासाठी मुलगा असावा, असं आमच्या आईचं कुटुंबनियोजनाबद्दलचं मत होतं.

रविवारी संध्याकाळी सगळा वाडा आमच्या बाहेरच्या खोलीत. पोस्टातले काका, समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू, त्यांची चार मुलं, मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आजी आणि कोणाचे हे शेवटपर्यंत न कळलेले दोन पाहुणे. आणि या सगळ्यांसाठी अण्णांचा एकच नियम: शेवटची पाटी पडेपर्यंत टीव्ही बंद करायचा नाही. नायक-नायिका एकमेकांना मिळाले, खलनायक पोलिसांच्या गाडीत बसला, तरी नाही. सिनेमाला ‘समाप्त’ यायला हवं. मालिका असली तर सगळी नावं सरकून झाली पाहिजेत, निर्मात्या संस्थेचं चिन्ह यायला हवं, त्याची ती दोन सेकंदांची सुरावट वाजायला हवी. मगच शटर.

एकदा आईने आत दूध उतू जातंय म्हणून चिन्हाआधीच बटण फिरवलं. अण्णा माणसं जाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पंगतीत शेवटचा माणूस उठेपर्यंत यजमानाने हात धुवायचे नसतात. आपण बटण बंद केलं म्हणजे लोकांना ‘उठा’ म्हटल्यासारखं होतं. ती पाटी त्यांना सांगते. आपण सांगायचं नाही.”

“आणि दुधाला कोणी सांगायचं?” आईने विचारलं. पण तो मुद्दा वेगळा.

पाटी पडली की काका खाकरायचे, काकू झोपलेलं पोर खांद्यावर घ्यायच्या, आजी गुडघ्यावर हात ठेवून “चला बाई” म्हणायच्या. अण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, “सावकाश. तिसरी पायरी हलते.” वास्तविक ती पायरी वाड्यात सगळ्यांनाच ठाऊक होती. आजींना तर अण्णांच्या जन्माआधीपासून ठाऊक होती. पण अण्णा सांगायचे आणि आजी दर वेळी “हो रे बाबा” म्हणायच्या.

त्यामुळे लोक नट-नट्यांच्या प्रेमात पडले, तसा मी चिन्हांच्या प्रेमात पडलो. पहिलं प्रेम अर्थातच दूरदर्शनचं. ते शेवटी नव्हे, सभा सुरू होताना यायचं. दोन वक्ररेषा एका गोळ्याभोवती गरगर फिरत यायच्या आणि डोळ्याच्या आकारात स्थिरावायच्या. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, त्या वेळचं हे चिन्ह. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य नावाच्या विद्यार्थ्याने ते काढलं होतं. सुरावट पंडित रविशंकरांची, उस्ताद अली अहमद हुसेन खाँसाहेबांच्या साथीने बांधलेली. एवढ्या थोर लोकांनी केलेलं काम आम्ही कावळा उडवत ऐकत होतो. १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. आमच्याकडे रंग पोचायला १९९१ उजाडलं.

मोठ्यांचं प्रेम ‘प्रभात’ची तुतारी. १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या त्या कंपनीचा जुना सिनेमा लागला की तुतारी फुंकणारी ती बाई पडद्यावर यायची आणि मागच्या खोलीतल्या आजी पदर सावरून बसायच्या. जणू ती बाई आजींनाच बोलवायला आली होती.

मग केबल आली, वाहिन्या आल्या, आणि चिन्हांचं पेवच फुटलं. प्रत्येक संस्थेचं वेगळं चिन्ह. एकाला घंटा, एकाला शंख, एक सोनेरी अक्षरात फुटायचं, एक निळ्या पाण्यातून वर यायचं. त्यातही पोटभेद. दिवाळीत त्याच चिन्हाभोवती पणत्या, गणपतीत मागे झांजा. मी एका जुन्या डायरीत त्यांची नोंदच ठेवली होती. डावीकडे संस्था, उजवीकडे वाद्य, शेवटी शेरा. लग्नानंतर ती डायरी आमच्या हिच्या हाती लागली. तिला आधी मुलींची नावं असतील असा संशय होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मुलींची असती तर बरं झालं असतं.”

माझा हा नाद जगात एकट्याचा नाही, हे मला फार उशिरा, मोबाइलवर कळलं. अमेरिकेत एमटीएम नावाची मालिका काढणारी संस्था होती, १९६९ सालची. एमजीएमचा सिंह गर्जना करतो, म्हणून यांनी शेवटच्या पाटीत मांजरीचं पिल्लू ठेवलं. ते नुसतं म्याव करायचं. पण खरी गंमत पुढे. पोलिसांवरच्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’च्या शेवटी त्या मांजरीच्या डोक्यावर पोलिसी टोपी. ‘रेमिंग्टन स्टील’ ही हेरगिरीची मालिका, तिथे शेरलॉक होम्सची टोपी आणि पाइप. ‘सेंट एल्सव्हेअर’ रुग्णालयावरची, तिथे तोंडाला सर्जनचा मुखवटा. आणि १९८८ साली ती मालिका संपली तेव्हा शेवटच्या पाटीत मांजर आडवी, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र, आणि नावं संपता संपता त्यावरची रेघ सरळ होते.

रात्री साडेअकराला मी हे पाहिलं आणि उगाच गलबललो. ही म्हणाली, “काय झालं?”

“मांजर गेली.”

“कोणाची?”

आता हे एका वाक्यात कसं सांगणार?

असो. वाडा पडला. तिथे लिफ्टची इमारत झाली. आम्ही नवीन पनवेलात सिडकोच्या वसाहतीत आलो, आई गेली, अण्णा थकले. टीव्ही भिंतीवर चढला आणि मोबाइलसारखा वागू लागला. हल्ली मालिका संपते न संपते तोच नावं कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी होतात आणि पडदा धमकी देतो, की पाच सेकंदांत पुढचा भाग. चार, तीन, दोन... कारकुनाच्या दृष्टीने हे म्हणजे आजचं कॅशबुक न मिटवता उद्याचं उघडणं. आमची मुलगी तर पाच सेकंदही थांबत नाही, बटण दाबून मोकळी होते.

असं दोन-तीनदा झालं आणि अण्णा आमच्यात बसेनासे झाले. “डोळे दुखतात,” म्हणाले. गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायचे, तेव्हा डोळे दुखत नसत. ही म्हणाली, “म्हातारपण.” मीही तेच म्हणालो. हिशेब जुळला नाही की आम्ही कारकून लोक आधी किरकोळ खात्यात टाकून मोकळे होतो.

मग २०२० सालचा मार्च आला. सगळं बंद. २८ मार्चला दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं, तेच १९८७ चं. पहिल्याच सकाळी अण्णा नऊला दहा कमी असताना इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर. आम्ही तिघंही बसलो. दुसरीकडे जाणार कुठे?

भाग संपला. नावं आली. मुलीचा हात रिमोटकडे गेला. मी तो धरला. का, ते मलाही कळलं नाही. आम्ही सगळे स्वस्थ बसून शेवटची पाटी पडेपर्यंत थांबलो. पाटी पडली. अण्णा उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले, आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाले, “सावकाश. तिसरी पायरी हलते.”

कोणी काही बोललं नाही. बाहेर जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, अण्णांचं डोकं गेलं. तेवढ्यात ते वळले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “अरे, माहीत आहे मला. कोणी नाही ते. पण म्हणून म्हणायचं नाही का?”

मुलीने विचारलं, “आजोबा, कुठली पायरी?”

त्या सकाळी अण्णांनी तिला अख्खा वाडा सांगितला. कोण कुठे बसायचं, कोण आधी उठायचं, आजी काय म्हणायच्या. ते दोन पाहुणे कोणाचे होते हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं. “पण यायचे बिचारे दर रविवारी,” म्हणाले. सगळ्यांची नावं सांगून होईपर्यंत साडेअकरा वाजले. ती उठली नाही.

आता आमच्या घरात पाच सेकंदांचा आकडा सुरू झाला की मुलगी धावत जाऊन ती कोपऱ्यातली नावं दाबून मोठी करते. नावं बहुतेक कोरियन असतात. अण्णा तरीही वाचतात. मग ती “झोपते हं आजोबा” म्हणून आपल्या खोलीकडे निघते. अण्णा खुर्चीतूनच सांगतात, “सावकाश. तिसरी पायरी हलते.”

आमच्या फ्लॅटमध्ये पायरी एकही नाही. पण ती दारापाशी थांबते, “हो हो” म्हणते आणि पाय जरा उंच उचलून पलीकडे टाकते.