बंद पाठीचा हेडफोन

बँकेतील नोकरी संपल्यावर संगीत ऐकण्यास सवड मिळाली. निवांतपणा मात्र मिळाला नाही. सांगलीच्या गणपती पेठेत आमचे बिऱ्हाड दुकानाच्या माथ्यावर आहे. सकाळपासून टेम्पोंची घरघर आणि हमालांच्या आरोळ्या चालू असतात. पेठ शांत होऊ लागते तेव्हा सौभाग्यवती सामायिकास बसतात आणि त्या ४८ मिनिटांत घरात अन्य स्वर उमटू नये, हा आमच्या घरचा जुना दंडक. तेव्हा बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारे आणि आतील मल्लिकार्जुन मन्सूर बाहेर जाऊ न देणारे साधन हवे होते. त्यातच कानांच्या तपासणीत उंच स्वर ऐकण्याची शक्ती वयोमानाप्रमाणे उतरल्याचे दिसले. जे उरले आहे ते जपा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले.

हेडफोनच्या मुख्यतः दोन जाती. ओपन-बॅक प्रकारात वाटीची पाठ जाळीदार असते. पडद्यामागे निर्माण होणारा ध्वनी तेथून मोकळा निघून जातो, म्हणून गाणे समोरच्या बैठकीतून यावे तसे ऐकू येते. पण शेजारी बसलेल्यालाही ते ऐकू येते! क्लोज्ड-बॅक प्रकारात ही पाठ बंद असते. मागचा ध्वनी आतच आदळून परततो, आणि वाटीतील अस्तर नीट नसेल तर स्वर पेटीत कोंडल्यासारखा होतो. हे पारखण्यासाठी मी तानपुऱ्याचा उपयोग केला. जोडीच्या तारांमधून खर्जाची तार एकटीच फुगून येत असेल, तर तो संच कितीही नामांकित असो, मी बाजूला ठेवला. विक्रेते ढोलताशांची ध्वनिफीत लावतात. त्यात हा दोष गुण वाटू लागतो.

बाहेरचा आवाज अडवणे ही केवळ सोय नाही. गोंगाटात बसलेला माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकण्यास हरकत नाही. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणून उचल दसपट आणि मुदत एक दशांश. व्यापारी घराण्यातील वाचकांस हा हिशेब अधिक समजावून सांगणे नको. फरक इतकाच, की या खात्यात पुन्हा भरणा करता येत नाही.

संच पाहू लागलो तेव्हा सेनहायझरच्या एचडी २८० प्रोवर ३२ डेसिबल‘पर्यंत’ आवाज अडवतो असे वाचले, तर बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोचा आकडा सुमारे १८. ‘पर्यंत’ हा शब्द ठेवींच्या जाहिरातींतही असतो आणि त्याचे वजन मला ठाऊक आहे. शिवाय गादीने होणारी अडवणूक उंच स्वरांना चांगली लागू पडते, खालच्या स्वरांना कमी. आरोळी अडते, ट्रकची घरघर बरीचशी आत येते.

खरी मेख गादी आणि कान यांच्यामधील फटीत आहे. चष्म्याची काडी गादी किंचित उचलते, तेथून आवाज शिरतो आणि खर्जही निसटतो. चाचणी सोपी आहे: चष्मा लावून, खालच्या सप्तकातील स्वर चालू असताना दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबाव्यात. दाबताच खर्ज भरून आला, तर फट आहे असे समजावे. एचडी २८० प्रोची पकड घट्ट आहे. फट राहिली नाही, पण अर्ध्या तासात कानशिले दुखू लागली.

गादीचा दुसरा प्रश्न सौभाग्यवतींनी उपस्थित केला. पुतण्याने पाहण्यासाठी आणलेल्या एका महागड्या संचावरून बोट फिरवून त्यांनी विचारले, “हे कातडे कशाचे?” ते मेंढीचे निघाले आणि संच त्याच दिवशी परत गेला. आमच्या घरात चामड्याचा कमरपट्टाही येत नाही, मग कानांशी कातडे कसे चालेल? रेक्झिनसारख्या कृत्रिम गादीस हरकत नव्हती. मात्र ‘प्रोटीन लेदर’ नावाचा एक प्रकार आहे. त्याचा पाया प्लास्टिकचा असतो, पण त्यात प्रथिनाची पूड मिसळतात, आणि ती कोणत्या मुळाची हे मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर लिहिलेले नव्हते. श्रावकाने याविषयी दुकानदारास विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे काढू नयेत.

शेवटी डीटी ७७० प्रो घेतला. त्याच्या गाद्या मखमलीसारख्या कृत्रिम कापडाच्या आहेत. काडी त्यांत रुतून बसते, उन्हाळ्यात कान घामेजत नाहीत आणि झिजल्यास गाद्या घरी बदलता येतात. आवाज अडवण्यात तो थोडा उणा आहे खरा. खिडकी लावून घेतली की माझे भागते. हा संच ३२, ८० आणि २५० ओहमच्या रूपांत मिळतो. २५० ओहमचा संच केवळ फोनवर फारच हळू वाजतो, म्हणून ८० चा घेतला. सामायिकाच्या वेळी आतल्या खोलीतून काही ऐकू येते का, असे विचारले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “गाणे नाही, पण तुमचा खुर्चीवरचा ताल ऐकू येतो.”

एकच तक्रार उरली. त्याची केबल तीन मीटर लांब आणि न निघणारी आहे. स्टुडिओत ती सोयीची असेल. मी ती गुंडाळून दुकानातल्या सुतळीने बांधून ठेवली आहे.