जॉबचा झिरो

सीएनसी मिलिंग मशीनवर दोन झिरो असतात. एक मशीनचा: तो बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. दुसरा जॉबचा, तो कुठे आहे हे कंट्रोलला दर वेळी सेटरने सांगायचे. दोहोंमधले एक्स, वाय, झेड अंतर म्हणजे वर्क ऑफसेट. फॅनुक कंट्रोलवर त्यासाठी जी५४ ते जी५९ अशी सहा घरे असतात.

मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांच्या वर्कशॉपमध्ये हेच काम सरफेस प्लेटवर होई. फिटर जॉबची एक कड घासून सरळ करी आणि साऱ्या रेघा तिच्यापासून मोजून ओढी. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पण तो कडेचा नियम आज कॅममध्ये, म्हणजे संगणकावर प्रोग्राम बनवतानाही, लागू आहे. सेटअप करताना झिरो कच्च्या मालाच्या वर, मधोमध ठेवण्याचा मोह होतो, कारण पडद्यावर तो देखणा दिसतो. पण करवतीवर कापलेले ठोकळे एकसारखे नसतात. एखादा अर्धा-एक मिलिमीटर जास्त भरला की त्याचा मध्यही सरकतो. व्हाइसचा स्थिर जबडा आणि बाजूची ठोकर यांचा कोपरा जागचा हलत नाही. नग बरेच असतील तर झिरो तिथेच घ्यावा. जॉब उलटून दुसरी बाजू करायची तेव्हा पहिल्या सेटअपमध्ये कापलेली कडच धरावी, नाहीतर दोन्ही बाजूंची भोके समोरासमोर येत नाहीत.

कॅममध्ये निवडलेला कोपरा आणि सेटरने टच केलेला कोपरा एकच असला पाहिजे. प्रोग्राम पेनड्राइव्हवर येतो, झिरोची खूण येत नाही. म्हणून सोबत सेटअप शीट हवीच. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरमध्ये नव्या सेटअपचा ऑफसेट क्रमांक आपसूक ० असतो आणि बहुतेक पोस्ट प्रोसेसर त्याचा जी५४ करतात. दोन व्हाइस लावून दुसऱ्याचा क्रमांक बदलायचा राहिला, तर दोन्ही सेटअप पहिल्याच व्हाइसवर चालतात.

नागदेवीच्या बाजारात मिळणारा साधा एज फाइंडर झिरो घ्यायला पुरतो. टोक १० मिलिमीटरचे असेल तर डाव्या कडेला टेकल्यावर स्पिंडलचा मध्य कडेच्या ५ मिलिमीटर अलीकडे असतो, म्हणून ‘एक्स-५.’ टाकून मेझर दाबायचे. उणे चिन्ह विसरले की झिरो पुरा १० मिलिमीटर चुकतो. पाचपुढचा बिंदू राहिला तर काही कंट्रोल त्याला ५ मायक्रॉन समजतात.

झेडचा हिशेब निराळा, कारण त्यात टूलची लांबी मिसळते. प्रत्येक टूल जॉबवर कागद धरून टच करण्याची सवय जुनी आहे, पण त्यात जॉबची उंची बदलली की सगळी टूले पुन्हा मोजावी लागतात. लांब्या एकाच ठरावीक पृष्ठावरून एकदा मोजून ठेवल्या, तर नव्या जॉबला जी५४चा झेड तेवढा बदलतो. प्रोग्राम चालवण्याआधी टूलची लांबी लागू करणारा जी४३ देऊन, हात फीड होल्डवर ठेवून, टूल एक्स०, वाय०, झेड५० वर आणावे आणि खाली स्टीलपट्टी उभी धरून पाहावी.